फेझच्या तटाआड कोण राहतं?

देवगिरीच्या किल्ल्यातल्या अंधारकोठडीत मांजरांहून मोठे उंदीर होते आणि मांजरंच त्यांना भिऊन पळत, ही हकीकत एका मोरोक्कन प्रवाशानं सांगून ठेवली आहे. महंमद तुघलकाच्या काळात हिंदुस्थानात येऊन राहिलेला इब्न बतूता दौलताबादला गेला होता. तिथले मराठे लोक, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा बाजार, वर्षातून दोनदा बहर धरणारी द्राक्षं आणि डाळिंबं, सगळं त्याच्या लक्षात राहिलं. १३५४ मध्ये तो मायदेशी कायमचा परतला. सुलतान अबू इनानच्या हुकमावरून इब्न जुझय्य नावाच्या लेखनिकाला त्यानं आपला सारा प्रवास तोंडी सांगितला आणि १३५५ च्या डिसेंबरात ग्रंथ पुरा झाला. दौलताबादचं हे वर्णन कागदावर उतरलं ते मोरोक्कोतल्या फेझ शहरात, मराठवाड्यापासून हजारो मैलांवर.

त्याच अबू इनाननं त्याच सुमारास फेझमध्ये बू इनानिया हा मदरसा बांधला. अंगणात उभ्या राहिलेल्या माणसाची नजर हळूहळू वर चढत जाते. भिंतीच्या खालच्या भागात रंगीत तुकड्यांची झेलीज नक्षी, तिच्यावर गिलाव्यात कोरलेली वेलबुट्टी आणि अक्षरं, आणि अगदी वर अ‍ॅटलास पर्वतातून आणलेल्या देवदाराचं कोरीव लाकूडकाम. यात्रेकरू आणि प्रवासी याचेच फोटो काढतात. पण या इमारतीतली सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे नमाजाच्या दालनातली एक संगमरवरी शिळा. मदरशाच्या खर्चासाठी कोणकोणती मिळकत लावून दिली आहे, कोणती दुकानं, कोणती घरं, याची नोंद तिच्यावर कोरलेली आहे. मोरोक्कोत या व्यवस्थेला हबूस म्हणतात, आपल्याकडे तिलाच वक्फ म्हणतात. देवळाच्या दिवाबत्तीसाठी जमीन इनाम देण्याची रीत ज्यांना माहीत आहे, त्यांना यातला हिशेब चटकन कळेल. इमारत उभी राहिली तेव्हाच तिच्या डागडुजीची, शिकणाऱ्यांच्या राहण्या-खाण्याची आणि शिकवणाऱ्यांच्या पगाराची तजवीज झालेली होती. आणि ती तजवीज आजूबाजूच्या चालत्या बाजारावर उभी होती. बाजार चालला तर भाडं येणार, भाडं आलं तर मदरसा टिकणार.

फेझच्या वारशाबद्दल आज जगभर जे बोललं जातं, त्यात ही शिळा मागे पडते. चर्चा होते ती दरवाजांची, कमानींची, मनोऱ्यांची, तटबंदीची. पण तट असा निमूटपणे उभा राहिला नाही. ११४५ च्या सुमारास अलमोहाद राजवटीच्या फौजेनं नदीचं पाणी अडवून ते तटावर सोडलं आणि भिंत फोडून शहर घेतलं. विजेत्यांनी ती तटबंदी पाडून टाकली. पुढची पन्नासेक वर्षं हे शहर तटाविनाच नांदलं. आज दिसणाऱ्या तटाचा मोठा भाग त्याच घराण्यानं तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा उभारला. भिंती गेल्या तेव्हाही फेझ फेझच राहिलं. माणसं गेली तर ते राहील का, हा प्रश्न आज विचारायला हवा. कारण माणसं जात आहेत.

या शहराची सुरुवातच मुळी निर्वासितांची. बगदादच्या अब्बासी खलिफांपासून जीव वाचवत पश्चिमेला आलेल्या पहिल्या इद्रिसनं ७८९ मध्ये नदीच्या उजव्या काठावर वस्ती वसवली. त्याच्या मुलानं, दुसऱ्या इद्रिसनं, ८०९ च्या सुमारास डाव्या काठावर दुसरी. पुढे स्पेनमधल्या कोर्डोबात उठाव फसला आणि तिथून हाकललेली कुटुंबं उजव्या काठावर येऊन राहिली. ट्युनिशियातल्या कैरवानहून आलेले लोक डाव्या काठावर स्थिरावले. एका ओढ्याएवढ्या नदीच्या दोन तीरांवर दोन शहरं, दोन तट, दोन मोठ्या मशिदी. एकमेकांत भांडणंही पुष्कळ. अकराव्या शतकात अलमोराविद राजा युसुफ इब्न ताशफीननं फेझ जिंकलं आणि मधल्या भिंती पाडून दोन्ही वस्त्या एक केल्या. काठांची नावं मात्र तशीच राहिली. एक आंदालुसियांचा काठ, दुसरा कैरवानवाल्यांचा, म्हणजे करवियीनांचा.

या दुसऱ्या काठावरची करवियीन मशीद आणि तिच्यासोबत वाढलेलं विद्यापीठ यांमुळे फेझचं नाव सगळीकडे गेलं. कैरवानहून आलेल्या फातिमा अल-फिहरी या स्त्रीनं वारशात मिळालेल्या पैशातून ८५९ मध्ये ही मशीद बांधली आणि तिची बहीण मरियम हिनं पलीकडच्या काठावर दुसरी, ही परंपरा मोरोक्कोत घरोघरी सांगितली जाते. ती चौदाव्या शतकातल्या इब्न अबी झर या इतिहासकारानं नोंदवून ठेवली आहे. विसाव्या शतकात मशिदीच्या दुरुस्तीत सापडलेल्या एका कोरीव लेखावर मात्र दाऊद इब्न इद्रिस या राजपुत्राचं नाव आणि ८७७ हे वर्ष आहे. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. पण एका स्थलांतरित बाईनं आपला वाटा शहराला देऊन टाकला, ही कथा या शहरानं शतकानुशतकं जपून ठेवावी, यातच त्याचा स्वभाव कळतो. इतिहासकार इब्न खल्दून इथे राहिला, शिकला, इथल्या दरबारात त्यानं नोकरी केली आणि तुरुंगवासही भोगला. ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस कोर्डोबातून बाहेर पडल्यावर काही वर्षं इथेच होता.

फेझचं खरं मोठेपण पाहायचं तर पाण्याकडे पाहावं लागतं. शहर बशीसारखं उतरतं आहे. नदी वरच्या अंगानं येते. तिथेच तिचे फाटे फोडून ते मशिदींना, सार्वजनिक हौदांना, हमामांना, पाणचक्क्यांना आणि घरांच्या अंगणातल्या कारंज्यांना नेलेले होते. झऱ्यांचं पिण्याचं पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून वेगळं खेळवलेलं, आणि वापरलेलं पाणी जमिनीखालच्या तिसऱ्या वाटेनं खाली, नदीच्या उतरत्या पात्रात. ग्रॅनाडातून कुटुंबासह इथे आलेला हसन अल-वझ्झान, ज्याला युरोप लिओ आफ्रिकानस म्हणून ओळखतो, सोळाव्या शतकात लिहून गेला की फेझमध्ये चारशेच्या घरात चक्क्या आहेत. पाणी शेजाऱ्याच्या घरातून आपल्याकडे येतं आणि आपल्याकडून पुढच्याकडे जातं, तेव्हा शेजाऱ्याशी अबोला धरता येत नाही. या जाळ्यानं शहराला बांधून ठेवलं होतं. कोणाचा फाटा कुठून, किती, तुंबला तर दुरुस्त कोणी करायचा, हे जाणणारी माणसं होती आणि त्यांचा शब्द मानला जात असे.

मोहल्ल्याची घडणही तशीच. प्रत्येक मोहल्ल्याला मशीद, हमाम, मुलांची कुराणशाळा, पाण्याचा हौद आणि फेरान, म्हणजे सार्वजनिक भट्टी. घरी कणीक मळायची, गोळे फळीवर मांडायचे, फडक्यानं झाकायचे आणि पोरानं ती फळी डोक्यावर घेऊन भट्टीवर जायचं. भट्टीवाल्याला कुणाची भाकर कोणती हे न विचारता कळतं. सुताराकडचा भुसा हमामाच्या चुलीत जातो. कातडं कमावणाऱ्याकडून कातडं बाबूश जोडे शिवणाऱ्याकडे जातं. एकाच्या कामातून उरलेलं दुसऱ्याच्या कामाला लागतं. इथली गल्ली दोन माणसं जेमतेम बसतील इतकी अरुंद असते. मोटार आत येत नाही. गॅसची टाकी, विटा, कातड्यांचे गठ्ठे, सगळं खेचरावर आणि गाढवावर. मागून 'बालाक, बालाक' अशी हाक येते. मराठी कानाला 'बालक' ऐकू येतं, पण त्याचा अर्थ बाजूला व्हा. या जनावरांवर फुकट उपचार करणारा अमेरिकन फोंडूक नावाचा दवाखाना १९२७ पासून फेझमध्ये आहे आणि आजही गर्दीत असतो. जुन्या शहराचा गाडा कोण ओढतं हे तिथल्या रांगेत दिसतं.

तरीही या सगळ्याला उतरती कळा लागली, आणि तिची तारीख सांगता येते. ३० मार्च १९१२ रोजी इथेच झालेल्या करारानं मोरोक्को फ्रान्सच्या संरक्षणाखाली गेला. पुढच्याच महिन्यात शहरात बंड झालं. पहिला फ्रेंच रेसिडेंट जनरल लियोते यानं राजधानी फेझहून राबातला हलवली. लियोतेला जुन्या शहरांचं प्रेम होतं, यात शंका नाही. मदिनेला, म्हणजे तटाआडच्या जुन्या शहराला, हात लावायचा नाही, युरोपीय लोकांसाठी बाहेर नवं शहर वसवायचं, हे त्याचं धोरण आणि आँरी प्रोस्त या नगररचनाकाराची आखणी. त्यामुळेच फेझच्या गल्ल्यांतून बुलडोझर फिरला नाही, असं आजही कौतुकानं सांगतात. हे अर्धं खरं आहे. मदिना वाचली, पण तिला वाढता येईना. रुंद रस्ते, कचेऱ्या, बँका, रेल्वे, नव्या नोकऱ्या सगळ्या तटाबाहेर. आत राहिला तो फक्त देखावा. अभ्यासक जॅनेट अबू-लुघोद यांनी १९८० मध्ये राबातवर लिहिलेल्या पुस्तकात या धोरणाला शहरी वर्णभेद म्हटलं, आणि तो शब्द कठोर वाटला तरी चुकीचा नाही. जपणुकीच्या नावाखाली एखाद्या वस्तीला काळाबाहेर उभं करणं हीदेखील एक प्रकारची तोडफोडच. आज प्रवासी ज्या निळ्या दरवाजापुढे उभे राहून प्राचीन फेझचा फोटो घेतात, तो बाब बू जलूद फ्रेंच अमदानीत, १९१३ मध्ये बांधलेला आहे. बाहेरून निळा, आतून हिरवा, देखणा. त्यावरून शहराचं वय ठरवलं तर फसगत होते.

१९५६ ला स्वातंत्र्य आलं. फेझचे व्यापारी आणि शिकलेली घराणी कासाब्लांका आणि राबातला निघाली. काही तर आधीच गेली होती. मागे राहिलेल्या प्रशस्त घरांत खेड्यांतून आलेली कुटुंबं भाड्यानं शिरली. जिथे एक घराणं राहत होतं तिथे एकेका खोलीत एकेक संसार. अंगणातल्या कारंज्याच्या जागी चूल आली. भिंती ओल धरू लागल्या. नदीवर सिमेंटच्या लाद्या पडल्या आणि तिच्यात सांडपाणी आणि कारखान्यांची घाण वाहू लागली. गरीब भाडेकऱ्यांनी वारसा बिघडवला, असा सूर लावणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. हा सूर अन्यायाचा आहे. या माणसांनी ओस पडू पाहणारी घरं वापरात ठेवली. मालक गेले, हबूसची घडी विस्कटली, नळ तुंबले, आणि त्याची जबाबदारी आली ती ज्याच्याकडे छप्पर शाकारायलाही पैसे नाहीत त्याच्यावर.

युनेस्कोनं १९८० मध्ये फेझ वाचवण्याची हाक जगाला दिली आणि १९८१ मध्ये फेझची मदिना जागतिक वारसा यादीत आली. मोरोक्कोतलं हे यादीतलं पहिलं स्थळ. त्यामागे काही वर्षांचं शांत काम होतं. स्विस लेखक आणि कलाभ्यासक टिटुस बुर्कहार्ट सत्तरच्या दशकात इथे राहून गल्लीगल्लीतल्या कारागिरीची आणि वास्तूंची पाहणी करत होता. १९८९ मध्ये जीर्णोद्धारासाठी स्वतंत्र संस्था निघाली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जागतिक बँकेचं १.४ कोटी डॉलरचं कर्ज आलं. जवळपास ७०० एकरांत तेरा हजारांहून जास्त इमारती असलेल्या शहराला ही रक्कम पुरणारी नव्हतीच. तरी खचू लागलेल्या घरांना लाकडी टेकू मिळाले. गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना एकमेकींवर कलू न देणाऱ्या त्या आडव्या-उभ्या वाशांखालून आजही माणसं ये-जा करतात. २०१३ मध्ये राजाश्रयानं २७ वास्तूंच्या दुरुस्तीचा कार्यक्रम सुरू झाला. फोंडूक म्हणजे व्यापाऱ्यांच्या जुन्या सराया, पूल, मदरसे उजळले. कातडी कमावण्याच्या शवारा कुंडांचीही डागडुजी झाली.

हे काम मोठं आहे, ते कमी लेखण्याचं कारण नाही. दुर्लक्षाची किंमत किती असते हे फेझपासून साठेक किलोमीटरवरच्या मेकनेसमध्ये दिसलं होतं. १९ फेब्रुवारी २०१० च्या शुक्रवारी, पावसानं भिजलेला एका जुन्या मशिदीचा मनोरा नमाजाच्या वेळी कोसळला आणि ४१ माणसं गेली. जुन्या भिंतीची काळजी म्हणजे तिच्याखाली उभ्या असलेल्या माणसाची काळजी. म्हणूनच वास्तूंची यादी करणाऱ्यांनी आणि पैसा देणाऱ्यांनी आता घरांकडे, राहत्या घरांकडे वळायला हवं. स्मारकाच्या दुरुस्तीचा फलक लागतो, उद्घाटन होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या विधवेच्या खोलीतली ओल घालवली तर उद्घाटन होत नाही. पण शहर टिकतं ते त्या खोलीमुळे.

माणसांवाचून वारसा कसा दिसतो, हे फेझमध्येच पाहता येतं. १४३८ मध्ये राजवाड्याच्या कडेला ज्यूंसाठी मल्लाह ही वस्ती झाली, मोरोक्कोतली पहिली. शतकानुशतकं सोनार, शिंपी, जरीचं काम करणारे तिथे नांदले. इस्रायल झाल्यावर आणि पुढे १९६७ च्या युद्धानंतर जवळजवळ सगळे निघून गेले. सतराव्या शतकातलं इब्न दनान प्रार्थनास्थळ १९९९ च्या सुमारास सुंदर दुरुस्त झालं. तेलाच्या वाती लावायचे दिवे आहेत, धर्मग्रंथाची कपाटं आहेत, स्वच्छता आहे. प्रार्थनेला उभं राहणारं मोहल्ल्यातलं माणूस नाही. त्या वस्तीला बाहेर पडायला लावणारी कारणं राजकीय होती. मदिनेतल्या लोकांना बाहेर काढणारी कारणं आर्थिक आहेत, पण शेवट तसाच होऊ शकतो.

गेल्या दोन-अडीच दशकांत परदेशी आणि शहरी पैसेवाल्यांनी जुनी रियाद, म्हणजे आतल्या अंगणाभोवती बांधलेली घरं, घेऊन त्यांची अतिथिगृहं केली. यातल्या पुष्कळांनी मनापासून काम केलं, स्थानिक कारागिरांना रोजगार दिला, कोसळणारी घरं उभी केली. त्यांच्याशी भांडण नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. एका मोहल्ल्यात घरामागून घर अतिथिगृह झालं की भट्टीवर भाकरीची फळी येत नाही. भट्टी बंद पडते. मग हमामाला गिऱ्हाईक उरत नाही. कुराणशाळेत पोरं नसतात. तांबटाकडे घरगुती घंगाळ घ्यायला कोणी येत नाही, फक्त खिशात मावेल अशी शोभेची तबकडी खपते, आणि तांबटाचा हात हळूहळू तेवढंच करायला शिकतो. झेलीजचा मअल्लेम, म्हणजे उस्ताद, फेझजवळची करडी माती घेऊन तिचे चौकोन भाजतो, रंग चढवतो आणि जड हातोडीनं एकेक तुकडा ठरल्या आकारात फोडतो. हे बसायला पोरवयापासून शिकावं लागतं. शिकाऊ पोरगा गल्लीतच राहत असेल तर सकाळी दुकानात येतो. घर तटाबाहेर पंधरा किलोमीटरवर गेलं की तो येत नाही.

याचा अर्थ मदिनेतल्या लोकांनी जुन्या हालांत राहावं असा मुळीच नाही. शवाराच्या गच्चीवरून पुदिन्याची काडी नाकाशी धरून प्रवासी रंगीत कुंडं बघतात. खाली माणूस चुना आणि कबुतराच्या विष्ठेच्या पाण्यात मांडीपर्यंत उभा राहून कातडं तुडवत असतो. त्याला हातमोजे, उंच बूट, विमा आणि दवाखाना हवा. घरांत न्हाणीघर हवं, पोरांना शाळा हवी, रात्री दुखणं उद्भवलं तर गल्लीच्या तोंडापर्यंत पोचणारी वाट हवी. हे सगळं देता येतं. कर्जावर आलेल्या पैशातला, तिकिटांच्या उत्पन्नातला, अतिथिगृहांच्या करातला ठरावीक वाटा राहत्या घरांच्या दुरुस्तीला आणि शिकाऊ मुलांच्या मजुरीला बांधून टाकावा. बू इनानियाच्या शिळेवर हेच तत्त्व जवळपास सातशे वर्षांपूर्वी कोरलेलं आहे. तेव्हा बाजाराचं भाडं मदरशाला जात होतं, आता मदरसा बघायला येणाऱ्यांचा पैसा बाजाराला आणि मोहल्ल्याला जावा.

हे होऊ शकतं याची एक खूण सफारीन चौकात आहे. तिथे करवियीनचं ग्रंथालय आहे. सुमारे चार हजार हस्तलिखितं, त्यांत इब्न खल्दूननं स्वतः दिलेली आपल्या इतिहासग्रंथाची प्रत. जुन्या लोखंडी दाराला चार कुलुपं, चार किल्ल्या चार जणांकडे, चौघे जमले तरच दार उघडायचं. २०१२ मध्ये दुरुस्तीचं काम आलं ते फेझमध्येच जन्मलेल्या वास्तुविशारद अझीझा शाउनी यांच्याकडे. त्यांचे पणजोबा करवियीनमध्ये शिकण्यासाठी गावाहून खेचरावर बसून आले होते. ओल कुठून येते हे शोधताना लक्षात आलं की पाणी जमिनीखालून वाहतंय. त्यांनी फरशीखाली त्याला नवी वाट काढून दिली. नदीवरच्या सिमेंटच्या लाद्या काढून पात्र पुन्हा उघडं करण्याच्या योजनेवरही त्यांनी कित्येक वर्षं काम केलं होतं.

ग्रंथालयाच्या दारातून बाहेर पडलं की समोर तांबट बसलेले असतात. सफारीन म्हणजेच पितळ-तांब्याचं काम करणारे. लग्नाकार्यात सगळ्या मोहल्ल्याचं जेवण शिजेल एवढी पातेली इथे ठोकून घडवतात आणि भाड्यानंही देतात. सकाळी एक हातोडी सुरू होते, मग दुसरी, मग ठेका धरल्यासारख्या सगळ्या.